मागच्या दांडीवरचा कोट

माणूस स्वतःचे कपडे विसरू शकतो यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी एखाद्या लॉंड्रीच्या मागच्या खोलीत डोकावून यावं. छत्री विसरणं समजू शकतं. चष्मा विसरणं तर चष्मा लावणाऱ्याचा हक्कच आहे. पण पैसे मोजून ड्रायक्लीनला दिलेला सूट माणूस विसरतो कसा? कडकभाऊंकडे याची उत्तरं तयार असत. कुणी सूट देतो आणि तो परत नेण्याआधीच त्याचं पोट त्या सुटाच्या पुढे निघून जातं. कुणाचं ज्या लग्नासाठी कपडे धुतले ते लग्नच मोडतं. कुणी शहर सोडतो, कुणी जग सोडतो, आणि कुणी नुसताच आळशी असतो. ‘घाई नाही हं, सावकाश द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हा भाऊंचा जन्मभराचा अनुभव होता.

कडकभाऊ हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, ठेवलेलं. स्वभावावरून ठेवलं असावं असं नव्या माणसाला वाटे आणि भाऊंनी तोंड उघडलं की तो गैरसमज दूर होई, कारण कुणी पाय दिला तर ‘माझा पाय मध्येच होता’ म्हणणाऱ्यांपैकी ते होते. नाव पडलं होतं कॉलरवरून. रविवारी उपासनेला ते असा खळ घातलेला सदरा घालून येत, की प्रार्थनेला मान खाली घालताना कॉलर हनुवटीला अडवी. देवापुढे न वाकणारी आमच्या मंडळीत ती एकच वस्तू आहे, असं मागच्या बाकांवर म्हटलं जाई. मागच्या बाकांनाही बरंच काही वाकवता येत नसे, पण त्याची चर्चा होत नसे.

दुकान चिंचोळं होतं. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. पुढे काउंटर, त्यावर भाऊंची बायको, म्हणजे मंडळीच्या वहिनी. मागे इस्त्रीचं टेबल, भिंतीतून फुसफुसणारा वाफेचा नळ आणि दोन लोखंडी दांड्या. पुढच्या दांडीवर तयार कपडे. मागच्या दांडीवर ते, ज्यांना न्यायला कुणी आलं नाही. वहिनी तिला अनाथाश्रम म्हणत.

आमच्या मंडळीत थंडी सुरू झाली की एका रविवारी सगळे जण घरातले उबदार कपडे आणून वेदीपुढे ठेवतात; याला आम्ही ऊब गोळा करणं म्हणतो. ते मग चर्चच्या मागच्या खोलीत आसऱ्याला आलेल्या लोकांना वाटले जातात. बहुतेकांचं बोचकं असं असतं, की ते घेणाऱ्यानं देणाऱ्याला क्षमा करावी. कोपरं गेलेले स्वेटर, एकाच पायाचे मोजे. भाऊंचं बोचकं मात्र बघण्यासारखं असे. मागच्या दांडीवर वर्ष पुरं केलेले कपडे ते पुन्हा धूत, तुटलेली बटणं लावत, चेन बदलत, इस्त्री करत. मूळ मालकांनीही त्या कपड्यांची इतकी वास्तपुस्त कधी केली नसेल.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा प्रवचनाचा आवडता विषय एकच होता. विश्वास हा हातांत दिसला पाहिजे, तोंडात काय, तो पोपटाच्याही दिसतो. त्या रविवारी या विषयावर बोलून झालं की ते म्हणत, ‘आपल्यामध्ये एक भाऊ आहे. नाव मी घेणार नाही.’ आणि कॉलरकडे बघत.

भाऊ लाल होत. लोकांना तो विनय वाटे. वहिनींना माहीत होतं की तो विनय नव्हे.

‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र,’ घरी आल्यावर त्या म्हणत.

‘पडून पडून कसर लागण्यापेक्षा बरं ना?’

‘मग कपाटातला तुमचा काळा कोट द्या की. थोरलीच्या लग्नात एकदा घातलात. त्याला काय कसर चुलत भाऊ मानते?’

भाऊ यावर कपाटाकडे बघत आणि विषय बदलत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी वहिनींनी दुकानात एक सुधारणा केली होती. त्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर घेऊ लागल्या आणि कपडे तयार झाले की फोन करून बोलावू लागल्या. लोक येऊ लागले. धंद्याच्या दृष्टीनं ही प्रगती होती, परोपकाराच्या दृष्टीनं दुष्काळ. थंडी तोंडावर आली तेव्हा मागच्या दांडीवर वर्ष पुरं केलेले दोन-तीन स्वेटर आणि एक मुलाची टोपी, एवढाच ऐवज होता.

आणि एक कोट होता. करडा, लोकरीचा, गुडघ्याच्या खाली येणारा, उंच माणसाचा. तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला आला होता. म्हणजे त्याचं वर्ष भरायला अजून बराच अवकाश होता. आणला होता पलीकडच्या गल्लीतल्या भूगोलाच्या बाईंनी. बाई शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण अर्ध्या वस्तीला नद्या आणि पर्वत त्यांनीच शिकवले असल्यामुळे त्या अजून भूगोलाच्याच बाई होत्या. कोट नवऱ्याचा. ‘घाई नाही,’ त्या म्हणाल्या होत्या. आतल्या खिशाच्या अस्तरावर लाल शाईचा तळहाताएवढा डाग होता. भाऊंनी त्याच्यावर सगळे उपाय केले आणि हात टेकले. शेवटी धंद्यातली पद्धत असते तशी ‘शक्य ते प्रयत्न केले’ अशी चिठ्ठी टाचणीनं खिशाला लावून टाकली. या चिठ्ठीचा अर्थ, डाग आहे तिथेच आहे आणि आमच्याशी भांडू नका. वहिनींनी बाईंच्या घरी फोन केला. कुणी उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा उचलला नाही.

ऊब गोळा करण्याच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब आपला अंगरखा न्यायला दुकानात आले.

‘भाऊ, चर्चच्या मागच्या खोलीत एक नवा माणूस आलाय,’ ते म्हणाले. ‘सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालून बसतो थंडीसाठी. अंगाला हात लावला की कुरकुर वाजतं. एवढा उंच आहे, कुणाचं काही त्याला होत नाही.’ मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या भाऊंच्या बोचक्याकडे गेली. ‘एवढंच यंदा?’

त्यांनी हे सहज विचारलं. पाळकसाहेबांना आत-बाहेर काही नसे. पण ते गेल्यावर भाऊ मागे गेले, करडा कोट दांडीवरून उतरवला आणि कॉलरच्या आत टाचलेली नंबराची कापडी चिठ्ठी ब्लेडनं काढली. टाके एक-एक करून काढले. घाईत, विसरून, चुकून झालं असं म्हणायला त्या ब्लेडनं जागा ठेवली नाही.

त्यांनी कोट का दिला? कुणीतरी थंडीत वर्तमानपत्र घालून बसलं होतं म्हणून, हे खरं. आपलं बोचकं लहान दिसत होतं म्हणून, हेही खरं. या दोन कारणांतलं कोणतं आधी आलं, हे भाऊंना त्यानंतर कधीच सांगता आलं नाही, आणि त्यांचा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी कोट बोचक्याच्या वर होता. पाळकसाहेबांनी नाव घेतलं नाही.

थंडी चांगली मुरल्यावर एका सकाळी भूगोलाच्या बाई काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

‘कोट न्यायला आले,’ त्या म्हणाल्या.

‘कुठला कोट, बाई?’ भाऊंनी विचारलं. दुकानातला प्रत्येक कपडा हँगरवर कसा लटकतो यावरून ओळखणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारावा, याचं वहिनींना नवल वाटलं.

‘यांचा. करडा. उशीरच झाला मला. उन्हाळाभर हॉस्पिटलात होते मी यांच्याजवळ. मग हे गेले.’

‘कुठे’ हा शब्द भाऊंच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. त्या दिवशी त्यांना सुचलेला तो शेवटचा शहाणपणा.

‘तो लाल डाग होता ना आतल्या खिशात,’ बाई म्हणाल्या, ‘तो निघाला का?’

‘बाई, शक्य ते सगळे प्रयत्न...’

‘म्हणजे नाही निघाला?’

‘नाही निघाला. माफ करा.’

‘बरं झालं,’ बाई म्हणाल्या आणि काउंटरजवळचं स्टूल ओढून बसल्या. ‘रात्रंदिवस तीच धास्ती होती मला. मीच मेली धुवायला देऊन आले. म्हटलं, हॉस्पिटलातून घरी येतील ते स्वच्छ कोट घालून. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली यांनी. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करायच्या आणि स्वतःच्या पेनाला टोपण लावायचं विसरायचं. त्या डागावरून आम्ही किती भांडलोय म्हणून सांगू. आता घरात त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय. द्या.’

इतक्या वर्षांत डाग न निघाल्याबद्दल आनंद झालेलं पहिलं गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि त्याला देण्यासारखा डागही भाऊंकडे नव्हता.

‘उद्या या,’ भाऊ म्हणाले.

लॉंड्रीवाल्याच्या तोंडात हे दोन शब्द दातांसारखे उगवलेले असतात. कपडा तयार नसला की, सापडत नसला की, शेजारच्या गठ्ठ्यात गेला असला की ते आपोआप बाहेर पडतात. गिऱ्हाइकालाही ते खरे नाहीत हे माहीत असतं, म्हणून एरवी त्यात फारसं पाप धरत नाहीत. पण बाई शिक्षिका होत्या. त्या उद्या आल्या.

‘बटण सैल होतं, लावायला घेतलंय,’ भाऊ म्हणाले. ‘उद्या.’

पुढच्या खेपेला बॉयलर बिघडला. त्याच्या पुढच्या खेपेला कारागीर रजेवर गेला. कारागीर स्वतः भाऊच होते, आणि ते हे वाक्य हातात इस्त्री धरून बोलत होते. बाई दर वेळी ‘बरं’ म्हणत, काउंटरजवळच्या स्टुलावर दम खायला थोडा वेळ बसत, आणि यांच्याबद्दल एखादी गोष्ट सांगून जात. हे लग्नपत्रिकाही हातात पेन घेऊन वाचत. हॉस्पिटलातल्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला यांनी नर्सकडे खडू मागितला होता. भाऊ मान खाली घालून एकाच सदऱ्याला इस्त्री करत राहत. तो सदरा कडक होत होत शेवटी एकटा उभा राहील असं वाटे.

एके दिवशी बाई गेल्यावर वहिनींनी काउंटरची फळी खाली पाडली. हे दुकान बंद झाल्याचं चिन्ह होतं, आणि बाहेर भर दुपार होती.

‘कोट कुठाय?’

‘दिला.’

‘कुणाला?’

‘चर्चमध्ये. तिसऱ्या बाकावर बसतो बघ तो उंच माणूस, त्याच्या अंगात आहे.’

वहिनींनी काउंटरवरच्या पावत्या एकत्र केल्या. मग म्हणाल्या, ‘त्यांना सांगून टाका.’

‘काय सांगू? तुमच्या नवऱ्याचा कोट मी देवाला देऊन टाकला?’

‘देवाला कशाला मध्ये घेता? त्याला कोट लागत नाही. पाळकसाहेबांनी तुमच्याकडे बघावं म्हणून दिलात.’

‘त्या माणसाला थंडी वाजत होती गं.’

‘वाजत होती ना. मग तुमचा का नाही दिलात?’

भाऊंनी इस्त्री उचलली आणि त्याच सदऱ्यावरून पुन्हा फिरवली. वहिनींनी फळी उचलली आणि दुकान पुन्हा सुरू झालं.

त्या रविवारी साक्ष द्यायला तिसऱ्या बाकावरचा माणूस उठला. आमच्याकडे उपासनेत एखाद्याला देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगावंसं वाटलं तर उठून सांगायची मुभा आहे, आणि बहुतेकजण ती पाठीच्या दुखण्यासाठी वापरतात. हा माणूस बोलायची सवय नसल्यासारखा, टोपी चुरगळत बोलला.

‘मी कामासाठी सगळीकडे फिरलो. सदऱ्यात पेपर घालून गेलं की लोक दारातूनच हाकलत. हा कोट अंगात आला आणि बर्फाच्या कारखान्यावर गेलो. मालकानं वरून खाली बघितलं आणि म्हणाला, तुझ्याकडे कोट आहे, फाटकावर उभा राहशील? आता मी वॉचमन आहे. कोट कुणी दिला मला माहीत नाही. ज्यानं दिला त्याला देवानं काही कमी पडू देऊ नये.’

मंडळी ‘आमेन’ म्हणाली. पाळकसाहेबांनी कॉलरकडे बघितलं. भाऊंनी मान इतकी खाली घातली, की त्या दिवशी प्रथमच कॉलर मोडली.

एका कोटावर आता दोन माणसं उभी होती. एकाला तो नसेल तर नोकरी नव्हती, दुसरीला तो नसेल तर नवरा नव्हता. आणि दोघांच्या मध्ये भाऊ, ज्यांचा त्या कोटाशी संबंध एवढाच, की त्यांनी तो धुतला होता.

त्यांना एक युक्ती सुचली. घाबरट माणसाला सुचते तशी ती दोन्हीकडून अर्धी होती. त्यांनी कपाटातून स्वतःचा काळा कोट काढला, हातावर टाकला आणि बर्फाच्या कारखान्यावर गेले. फाटकातून लाद्यांच्या गाड्या निघत होत्या आणि रस्त्यावर ओल्या भुशाचा माग पडत होता. वॉचमन करड्या कोटात ताठ उभा होता. भाऊंना बघून त्याचा चेहरा उतरला.

‘काय झालं भाऊ? कोटात कुणाचं काही राहिलं होतं का? मी काही घेतलेलं नाही हो.’

‘नाही, नाही. मी लॉंड्रीवाला. म्हटलं, कोट मळला असेल, धुऊन देतो.’

‘मळला नाही. मी जपून वापरतो.’

‘तरीपण. लोकरीचा आहे, मधून मधून धुतलेला बरा.’

‘किती घेणार?’

‘काही नाही. फुकट.’

वॉचमननं त्यांच्याकडे बघितलं. गरिबाला फुकट या शब्दाची जेवढी भीती वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही. पण समोरचा माणूस चर्चमधला, पहिल्या बाकावरचा. त्यानं कोट काढला. भाऊंनी त्याच्या अंगात आपला काळा कोट चढवला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या आणि पाठीत काहीतरी करकरलं.

‘तोवर हा घाला,’ भाऊ म्हणाले.

‘देवमाणूस आहात,’ वॉचमन म्हणाला.

येताना भाऊंच्या हातावरचा कोट अजून गरम होता, आणि ते वाटभर तो स्वतःपासून लांब धरून चालत होते.

‘झालं?’ वहिनींनी विचारलं. ‘एकच कोट दोघांकडून चोरणारे तुम्ही पहिलेच.’

बाई आल्या तेव्हा कोट काउंटरवर होता. भाऊंनी तो नुसता झटकून घडी घातली होती. धुवायला टाकायचं धाडस झालं नाही, न जाणो या खेपेला डाग निघायचा. खिसेही तपासले नव्हते. कपडा हातात आला की आधी खिसे रिकामे करायचे, हा या धंद्याचा पहिला धडा. उभ्या आयुष्यात भाऊंनी तो कधी चुकवला नव्हता. पण त्या खिशात हात घालायचं त्यांना झालं नाही.

बाईंनी घातला. सरळ आतल्या खिशात, जसा माणूस आपल्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या बटणाकडे हात नेतो. आणि त्यांच्या हातात शिट्टी आली.

पितळी, दोरीची, वॉचमनची शिट्टी. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली.

‘ही कुणाची?’

भाऊंच्या जिभेवर ‘उद्या’ हा शब्द पुन्हा आला होता, असं वहिनी नंतर सांगत. त्यांनी काउंटरखालून भाऊंच्या पायावर पाय दिला. आणि भाऊंनी सांगून टाकलं. दांडी, बोचकं, ब्लेड, कापडी चिठ्ठी, तिसरा बाक, बर्फाचा कारखाना. बॉयलर कधीच बिघडला नव्हता हेसुद्धा.

‘त्याला नोकरी या कोटावर मिळाली?’ बाईंनी विचारलं.

‘हो.’

‘उंच आहे?’

‘यजमानांएवढाच असेल, बाई.’

बाईंनी खिसा बाहेर ओढून डाग बघितला. बोट त्याच्या कडेकडेनं फिरवलं, नकाशावरून फिरवावं तसं. मग म्हणाल्या, ‘कात्री आहे?’

‘आहे.’

‘हा खिसा काढून द्या मला. कापू नका. उसवा.’

भाऊंनी ब्लेड घेतलं. त्याच ब्लेडनं, टाके एक-एक करत खिसा उसवला. अस्तराला कुठे इजा झाली नाही. बाईंनी खिशाची लहान घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली.

‘आता नवीन खिसा शिवा आणि त्याला कोट नेऊन द्या. आणि सांगा, हा एका मुद्रितं तपासणाऱ्या माणसाचा कोट आहे. तुम्ही दिलात असं म्हणू नका. तुम्ही दिलेला नाही. मी देतेय, आत्ता.’

‘हो, बाई. बाई, मला...’

‘कोटाचं मी समजू शकते, भाऊ. आधी विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं की नाही, मला सांगता यायचं नाही. कदाचित म्हटलं असतं. पण मी इथे या स्टुलावर बसून तुम्हाला यांच्या गोष्टी सांगत होते, आणि तुम्ही मला उद्या या म्हणत होतात. त्याचं काय करायचं ते मला सुचत नाही. तुमच्या देवाला विचारा. मी भूगोल शिकवला.’

शिट्टी काउंटरवर ठेवून त्या गेल्या. धुण्याचे पैसेही ठेवले होते. ते उचलायला ना भाऊंचा हात पुढे झाला ना वहिनींचा. संध्याकाळी फळी पाडताना ते गल्ल्यात सरकवावे लागले, आणि गल्ल्यात ते उगाचच वेगळे दिसत राहिले.

वॉचमनला भाऊंनी सगळं सांगितलं. त्यानं करडा कोट अंगात घातला, नव्या खिशात हात घालून बघितला, शिट्टी आत ठेवली.

‘त्या बाईंना भेटून आभार मानले तर चालेल का?’

‘चालेल. माना.’

‘आणि भाऊ, तुमचा हा कोट...’

‘राहू दे. तो तुम्हाला दिला. खरंच दिला.’

‘तसं नाही. परत न्या म्हणतोय. बगलेत काचतो, आणि पाठीत उसवलाय थोडा. मला काही होत नाही तो.’

अशा रीतीनं आयुष्यात पहिल्यांदा भाऊंनी स्वतःचं काही दिलं, आणि ते मापात बसलं नाही म्हणून साभार परत आलं.

पुढच्या रविवारी ते साक्ष द्यायला उठले. आजवर मी दिलेला एकही कपडा माझा नव्हता, ते म्हणाले. शेवटचा तर वर्ष भरण्याआधीच, मालकिणीला न विचारता दिला, आणि तिला खोटं सांगत राहिलो. मागच्या बाकावर कुणी डोळे पुसले. पाळकसाहेब उठले आणि त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. ‘स्वतःच्या चांगल्या कामातही दोष शोधणारी माणसं आता कुठे राहिली!’ ते म्हणाले. उपासना संपल्यावर लोक रांग लावून भाऊंचा हात हातात घेऊन गेले. एवढा मान त्यांना सगळ्या बोचक्यांनी मिळून दिला नव्हता. वहिनी बाहेर पायरीवर थांबल्या होत्या.

‘सांगितलंत?’

‘सांगितलं.’

‘मग?’

‘कुणी ऐकलं नाही.’

त्यानंतर भाऊ मागच्या दांडीवरचा कपडा असा देत नाहीत. वर्ष भरलं की तो हातावर टाकून मालकाच्या दारात जातात आणि विचारतात, देऊ का? पोट पुढे गेलेला गृहस्थ सूट ओढून घेतो, म्हणतो उद्यापासून व्यायाम सुरू करतोय. लग्न मोडलेली मुलगी म्हणते, द्या, नाहीतर जाळा. एकानं भाऊ पैसे मागायला आले समजून आतून ‘साहेब बाहेरगावी आहेत’ असं स्वतःच सांगितलं. बहुतेक लोक, कपड्याची आठवणही नसताना, कुणी मागतंय म्हटल्यावर तो परत घेतात. त्यामुळे बोचकं दर वर्षी लहान होत गेलं. मधल्या एका वर्षी त्यात फक्त एक काळा कोट होता, पाठीत शिवलेला. तो कुणाला झाला ते भाऊंनी विचारलं नाही.

पाळकसाहेबांना काळजी वाटते. हल्ली ऊब गोळा करण्याच्या रविवारी ते नाव न घेता एका भावाच्या विझत चाललेल्या आवेशासाठी प्रार्थना करतात, आणि कॉलरकडे बघतात. भाऊ सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणतात.

वॉचमन अधूनमधून भूगोलाच्या बाईंकडे जातो. त्यांचे पडदे टांगून देतो, नळ दुरुस्त करतो. कोट घालूनच ये, असं बाईंनी त्याला सांगून ठेवलं आहे. त्या भाऊंशी भांडल्या नाहीत. समोर आल्या तर ‘बरं आहे ना?’ म्हणून विचारतात. पण धुवायचे कपडे त्या आता चौकापलीकडच्या लॉंड्रीत देतात. पिशवी घेऊन भाऊंच्या दुकानावरूनच त्यांना जावं लागतं.

त्या लॉंड्रीत इस्त्री चांगली करत नाहीत. बाह्यांवर दुहेरी घडी पडते. बाई समोरच्या फुटपाथवरून गेल्या, की त्यांच्या बाहीवरची ती घडी भाऊंना काउंटरमागून, रस्त्याच्या या कडेवरून, स्वच्छ दिसते.